भोगीपासून मागे मोजत

थंडीतली परसबाग दिवाळीवर बेतू नये, भोगीवर बेतावी. सासूबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी लग्न होऊन वाईला नुकतीच आले होते. आमच्या माहेरी, अलिबागकडे, असा हिशोब कुणी करत नसे. तिथे भात कापून झालं की जमिनीची ओलच सांगते काय टाकायचं ते. इकडे घाटावर मात्र विहिरीला पाणी असतं, जमीन रिकामी असते, बाजारात बियाण्याची पाकिटं टांगलेली असतात आणि प्रत्येक जण विचारतो, "आता काय लावायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी काय खायचंय आणि कधी, ते सांगा.

लक्ष्मीपूजन 2023 साली 12 नोव्हेंबरला आलं, 2024 साली 1 नोव्हेंबरला आणि 2025 साली 21 ऑक्टोबरला. म्हणजे "दिवाळी झाली की पेरू" म्हणणाऱ्याला एका वर्षी भोगीपर्यंत बारा आठवडे मिळतात आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम नऊ. गाजराला तीन आठवडे कमी पडले तर हाती येतात बोटाएवढ्या पांढुरक्या मुळ्या. दिवाळी तिथीने येते, चंद्राबरोबर पुढेमागे सरकते. संक्रांत सूर्याची. ती 14 नाहीतर 15 जानेवारीला, आणि तिच्या आदल्या दिवशी भोगी. भाजीपाला चंद्र बघून वाढत नाही. त्याला दिवस किती तासांचा आहे, रात्र किती गार आहे, माती किती ऊन आहे, एवढंच कळतं. म्हणून सूर्याच्या सणापासून मागे मोजलं की चूक होत नाही.

शेतकऱ्यांची नक्षत्रंही सूर्याचीच आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. साधारण 24 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर सूर्य स्वाती नक्षत्रात असतो, त्यानंतर विशाखा आणि मग डिसेंबर उजाडेपर्यंत अनुराधा. "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" ही म्हण ज्वारी-हरभरा पेरून बसलेल्या माणसाची आहे. रब्बीची उगवण झालेली असते, पुढे पावसाचा भरवसा नसतो, अशा वेळी एक शेवटची भिजवण मिळाली तर दाणा भरतो. परसबागेला त्या पावसाची तितकी गरज नाही, पण ते दिवस मात्र नेमके तेच. स्वाती आणि विशाखा ही आमच्या बागेची मुख्य पेरणी. अनुराधात दुसरा फेर. चंपाषष्ठीच्या भरताची वांगी आणि भोगीचा पावटा मात्र या हिशोबात बसत नाहीत. ती रोपं पावसाळ्यातच लावलेली असावी लागतात.

या महिन्याभराचं एवढं कौतुक का? कारण वर्षात हीच एक वेळ अशी असते की माती उबदार असते आणि हवा गार. ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन तापलेली असते, ती ऊब तीन-चार आठवडे टिकते, आणि वर रात्रीचा पारा उतरू लागलेला असतो. खालच्या उबेने बी लवकर रुजतं, वरच्या गारव्याने रोप लुसलुशीत आणि ठेंगणं राहतं, उंच पळत नाही. डिसेंबरच्या मध्यानंतर तेच बी टाकलं तर उगवायला दुप्पट दिवस घेतं. "माती ऊन हाय तंवर टाक गं, गार पडली का बी निजतंय," असं सासूबाई म्हणायच्या, आणि संध्याकाळी अनवाणी पायाने वाफ्यात उभ्या राहून बघायच्या. तळव्याला माती कोमट लागली की पेरायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. पावसाळ्यात जिथे छान ऊन येत होतं, तिथेच थंडीत वाफा करायचा, हे बऱ्याच घरांत होतं आणि मग पालक पिवळा का पडला ते कळत नाही. आपल्याकडे, म्हणजे पुणे-सातारा पट्ट्यात, डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य जेमतेम अर्ध्या आभाळापर्यंत चढतो, आणि तोही दक्षिणेकडे कललेला. दहा फूट उंच भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ नऊ फूट पडते. दिवस अकरा तासांचा. त्यात कंपाउंडच्या भिंतीआडचा वाफा तीन तास ऊन खातो आणि उरलेला वेळ गारठतो. म्हणून थंडीची बाग घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दक्षिणेची बाल्कनी आधी बघावी.  उत्तरेकडच्या बाल्कनीत पुदिना ठेवा आणि बाकीचा नाद सोडा.

वाफा करण्यापूर्वी वाफसा बघायचा. आमची जमीन काळी. ओली असताना कुदळ घातली तर जी ढेकळं निघतात ती संक्रांतीपर्यंत फुटत नाहीत, आणि पूर्ण वाळू दिली तर कुदळ आत शिरत नाही. मूठभर माती दाबून सोडली की गोळा होऊन पुन्हा सहज भुगा व्हावा, तो वाफसा. तीन फूट रुंद गादीवाफे, लांबी जागेप्रमाणे, मधून पाय ठेवण्यापुरती वाट. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हाताला गार आणि वासाला मातीसारखं. आधी त्या जागी काय होतं तेही आठवायचं. पावसाळ्यात जिथे घेवडा किंवा चवळी होती त्या जागेचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेला कस, पालेभाजीला चांगला. टोमॅटोच्या जागी पुन्हा टोमॅटो किंवा वांगं नको.

आता भोगीकडे बघू. ती लेकुरवाळी भाजी माझ्या मते मराठी स्वयंपाकातला सर्वांत शहाणा पदार्थ आहे. गाजर, वांगी, पावटा, ओला हरभरा, वाटाणा, घेवडा, भुईमुगाचे दाणे, बोरं, कुणी उसाचे करवे घालतं, वर तीळ. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं म्हणतात. रोगाचं मला माहीत नाही, पण ज्याच्या परड्यात भोगीची अर्धी भाजी पिकली त्याचं त्या वर्षीचं बागकाम नीट झालं, हे मी खात्रीने सांगेन. दुसऱ्या दिवशी सुगडात भरायलाही तेच लागतं: गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, ऊस, गव्हाची ओंबी.

सर्वांत आधी गाजर, कारण त्याला सर्वांत जास्त दिवस लागतात. आपलं लाल देशी गाजर पेरल्यापासून नव्वद ते शंभर दिवसांनी काढायला येतं, म्हणून त्याची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच हवी, दिवाळी यायची असो वा होऊन गेलेली असो. देशी वाण थोडी उष्णता सोसतं. 'पुसा केसर'सारखी लाल वाणं त्यातलीच. केशरी, दंडगोल, 'नॅन्टीस' जातीचं गाजर मात्र नोव्हेंबरात टाकावं. त्याला खरी थंडी लागते, आणि ते भोगीच्या ऐवजी रथसप्तमीच्या आसपास खाण्याजोगं होतं. गाजराचं बी बारीक आणि आळशी, उगवायला दहा ते पंधरा दिवस घेतं. तेवढ्या दिवसांत एकदा जरी वरची माती वाळली तरी काम संपलं. काळ्या मातीवर खपली धरते आणि तो कोवळा अंकुर ती फोडू शकत नाही. यावर आमच्याकडे दोन उपाय करतात. बियांच्या ओळीवर मातीऐवजी चाळलेलं शेणखत पसरायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं, अंकुर दिसेपर्यंत. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: त्याच ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकायचं. मुळा चार दिवसांत वर येतो, खपली फोडतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो, आणि गाजर अंगठ्याएवढं व्हायच्या आत आपण मुळा उपटून खाऊनही टाकलेला असतो.

गाजराचं रोप करून लावायचं नाही. मूळ वाकलं की गाजर वाकडं. ताजं शेण घातलं तर एका गाजराला तीन-तीन पाय फुटतात. आणि विरळणी करताना हात आखडता घेऊ नये, दोन-अडीच इंचावर एक रोप ठेवून बाकीची उपटायची. माझ्या शेजारच्या काकींना उपटवत नाही, "जीव आहे गं त्यात" म्हणतात. मी त्यांना सांगते, काकी, उपटलेला पाला मुगाच्या डाळीत घाला, चव बघा, मग दया कमी होईल.

पण या सगळ्यांत माझं मन हरभऱ्यात आहे. शेतात एकरांनी पेरतात म्हणून परसबागेत कुणी लावत नाही, आणि ती खरी चूक आहे. तीन बाय दहाचा एक वाफा हरभऱ्याला द्या. स्वयंपाकघरातल्या डब्यातले गावठी, बारीक, तपकिरी हरभरे चालतात, टोचलेले तेवढे निवडून टाकायचे. विकतचं बी हवं असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'विजय', 'दिग्विजय' ही वाणं कृषी सेवा केंद्रात मिळतात. वीतभर अंतरावर, बोटाची दोन पेरं खोल, एकेक दाणा टोकायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकला की संक्रांतीला घाटे भरतात. खत जवळजवळ काही नको. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. पाणीही बेताचं. ज्याला रोज संध्याकाळी झारी घेऊन फिरायची सवय आहे त्याच्या हातून हरभरा वाचणं कठीण, कारण जास्त ओलीने मर लागते. उगवल्यावर एक, फुलं लागायच्या आधी एक आणि घाटे भरताना एक, अशी तीन पाणी काळ्या जमिनीला पुरतात.

महिना-सव्वा महिना झाला, अजून फूल दिसत नाही, तेव्हा शेंडे खुडायचे. ही भाजी बाजारात मिळते, पण खुडल्यापासून दुपारपर्यंत तिचं तेज जातं. शेंडा खुडला की झाड खालून फांद्या फोडतं आणि घाटे वाढतात, म्हणजे खाण्यानेच पीक वाढतं. लसूण आणि सुकी मिरची तेलावर परतून, वर दाण्याचं कूट, ज्वारीची भाकरी. उरलेले शेंडे सावलीत वाळवून ठेवले की उन्हाळ्यात ताकातली पातळ भाजी होते.

आणि आंब. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केस असतात, त्यांतून आंबट थेंब स्रवतात. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. म्हणून हरभऱ्यातून चालताना पाय चुरचुरतात आणि पान चाटलं की जीभ शहारते. जुन्या बायका रात्री स्वच्छ धुतलेलं पातळ फडकं हरभऱ्यावर अंथरायच्या. पहाटेच्या दवात आंब उतरून ते फडकं ओलं व्हायचं, मग ते पिळून आंब बाटलीत भरायची. पोटदुखीला, अजीर्णाला ती पाण्यातून थोडी देत. सासूबाईंच्या फडताळात ती बाटली वर्षभर असे. औषध म्हणून घ्या असं मी आज कुणाला सांगणार नाही. पण धुकं असलेल्या सकाळी ते फडकं उचलून त्याचा वास जरूर घ्यावा. परसबागेत हरभरा असल्याशिवाय तो वास माणसाला कुठून मिळणार?

घाटेअळी येतेच. हिरवी, अंगावर पट्टे, घाट्याला गोल भोक पाडून अर्धी आत आणि अर्धी बाहेर. छोट्या वाफ्यात सकाळी हाताने वेचणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. वाफ्यात चार काटक्या उभ्या रोवल्या तर कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून बाकीचं काम करतात.

वाटाण्याला पासष्ट-सत्तर दिवस पुरतात, म्हणून तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. 'अर्केल' हे लवकर येणारं, बुटकं वाण घरासाठी बरं. त्याला तुरीच्या वाळक्या फांद्यांचा आधार द्यायचा. पुरंदरच्या बाजूला पावसाळ्यातही वाटाणा घेतात, पण तिथली हवा वेगळी. वाईला आणि त्याहून खाली तो थंडीतच गोड होतो. उष्णता वाढली की फुलं गळतात, आणि उशिरा पेरलेल्या वाटाण्याचं फेब्रुवारीत तेच होतं. शिवाय भुरी. पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी धरते. थंडीत पाणी सकाळी, तेही बुंध्याला. रात्रभर ओली राहिलेली पानं बाकीच्या रोगांना बोलावतात.

त्याच आठवड्यात बांधावर मूठभर गहू. याला लोक नवल करतात. दोन फूट जागेत दोन ओळी, बस. संक्रांतीपर्यंत दुधाळ ओंब्या येतात, सुगडात घालायला आणि पोरांना भाजून खायला. ओंबी कशी निघते, तिला फूल कसं येतं, दाण्यात दूध कसं भरतं, हे शहरातून सुट्टीला येणाऱ्या मुलांनी पाहिलेलं नसतं. पोळी रोज खातात. माझ्या मते दोन ओळी गहू प्रत्येक शाळेच्या आवारात असावा.

पावट्याचं मघाशी म्हटलं, त्याचं कारण सांगायलाच हवं. जुना वेली पावटा दिवस लहान होण्याची वाट बघतो. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, मांडवभर पसरेल, पण रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय फूल दाखवणार नाही. त्यामुळे भोगीचा पावटा पावसाळ्यातच लागलेला हवा. दिवसाच्या लांबीला न जुमानणारी बुटकी वाणंही आता मिळतात, ती नोव्हेंबरात टोकली तरी शेंगा देतात. बियाणं घेताना दुकानदाराला तेवढं विचारून घ्यावं. शेवंतीची गोष्टही तीच. तिलाही लांब रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर ज्या शेवंतीवर पडतो तिला कळ्या उशिरा येतात, म्हणून आम्ही तिची कुंडी मागच्या अंधाऱ्या बाजूला नेऊन ठेवतो.

पालेभाज्या सगळ्यांना सोप्या वाटतात आणि सगळेच त्या एकदम पेरतात. मग एका आठवड्यात घरात मेथीचे डोंगर आणि पुढच्या महिन्यात काहीच नाही. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक पस्तीस दिवसांत, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत येते. वाफ्याचे चार भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरला की होळीपर्यंत खंड पडत नाही. भोगीला कोवळी मेथी हवी असेल तर तिची पेरणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. धणे रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. अख्ख्या धण्यातही दोन बिया असतातच, पण त्या उशिरा आणि एकमेकींना चिकटून उगवतात. पालकाची पानं कापायची, झाड उपटायचं नाही, तीन-चार कापण्या मिळतात. शेपू, आंबट चुका, चाकवत, चंदनबटवा यांना एकेक कोपरा. चाकवत बाजारात दुर्मीळ होत चालला आहे, निदान तेवढ्यासाठी तरी तो लावा. ताक घालून केलेला चाकवत ज्या घरात होतो त्या घरातली मुलं पालेभाजीला नाक मुरडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

करडईचीही चार रोपं असू द्यावीत. शेतात ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी असतात, काटे आले की जनावर आत शिरत नाही. पण काटे यायच्या आधीची कोवळी पानं चिरून, डाळ घालून केलेली भाजी सोलापूर-मराठवाड्याकडे थंडीत आवडीने खातात. आमच्याकडे ती फारशी कुणी करत नव्हतं. आता मी करते.

मुळ्याचं एक सांगायचं राहिलं. सगळे मुळे उपटू नका. दोन-तीन राहू द्या. ते उंच वाढतात, पांढरी-जांभळी फुलं येतात, मधमाश्या दिवसभर घोंगावतात आणि मग डिंगऱ्या लागतात, मुळ्याच्या हिरव्या शेंगा. त्यांची परतून भाजी, थोडा गूळ घालून. बाजारात डिंगऱ्या क्वचित दिसतात.

काय लावू नये, तेही बोलायला हवं. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांना ऊब लागते. आता टाकलेलं बी एकतर कुजतं किंवा उगवून वीतभर उंचीवर महिनाभर थांबून राहतं. ती जागा संक्रांतीनंतरची. फ्लॉवर घरी करायचा मोह होतो, पण त्याच्या लवकरच्या आणि उशिराच्या जाती निरनिराळ्या असतात. लवकरची जात उशिरा लावली तर रुपयाएवढा गड्डा धरून बसते. रोपवाटिकेत जात विचारल्याशिवाय रोप घेऊ नये. कोबी त्या मानाने साधा. मुंबई-ठाण्याच्या मैत्रिणींना मी वाटाणा, फ्लॉवर लावू नका असंच सांगते. तिथली थंडी थोडक्या दिवसांची आणि बेताची. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो एवढं मजेत होतं. मेथीला चार-पाच इंच खोल ट्रे पुरतो, गाजराला फूटभर खोली लागते. हंगामी फुलांत पेटुनिया, कॅलेंडुला, ॲस्टर यांची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावली की जानेवारीत बहर असतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन त्याच महिन्यात भरतं, ते उगीच नव्हे.

अलिबागला आईच्या पद्धतीत यातलं काहीच नव्हतं. भात कापलं की त्याच खाचरात, ओल आहे तोवर, वाल. त्यानंतर पाणी नाही, खत नाही, कुणी तिकडे फिरकतही नाही. रात्रीचं दव आणि जमिनीतली ओल यांवर तो कडवा वाल पोसतो, आणि जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात त्यांची पोपटी लागते. पाणी असलेल्या जागी पांढरा कांदा. कार्ले, खंडाळे या गावांकडचा तो गोड कांदा, आता भौगोलिक मानांकन मिळालेला. नोव्हेंबरात रोप टाकायचं, डिसेंबरात लावायचं, आणि पुढे सुकलेल्या पातीच्या वेण्या घालून माळा आढ्याला टांगायच्या. घाटावर आल्यावर मी तो कांदा इथे लावून पाहिला. येतो, पण तो गोडवा उतरत नाही. त्या मातीचा, त्या खाऱ्या हवेचा तो कांदा आहे, त्याला तिथेच राहू द्यावं.

बियाण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. हरभरा, वाटाणा, गहू, घेवडा यांचं बी घरी धरायला सोपं, कारण फुलाचं फुलातच परागण होतं आणि पुढच्या वर्षी तसंच पीक येतं. संकरित बियाण्याचं तसं नसतं, त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या किती तरी गावठी वाणांचं बी जपलं. 2020 सालच्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम बघितल्यावर मला वाटलं, एका घराने एक वाण धरलं तरी गावात वीस वाणं राहतील. आमच्या घरी एक घेवडा आहे, दाण्यावर तपकिरी ठिपके असलेला. तो सासूबाईंच्या माहेरून आलेला. दर वर्षी सर्वांत निरोगी वेलीच्या शेंगा वेलीवरच वाळू देते, मग दाणे राखेत घालून डब्यात. मागायला येईल त्याला मूठभर देते, अट एकच, पुढच्या वर्षी मूठभर परत आणायचं. बाजारचं पाकीट घेताना मात्र तारीख बघा, आणि गुलाबी-हिरवा रंग चढवलेलं बी विषारी औषध लावलेलं असतं, ते स्वयंपाकघरात आणू नका.

डिसेंबरात दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं की मावा येतो. घेवड्याच्या शेंड्यांवर काळा, कोबीच्या पानाखाली राखाडी. लगेच फवारणी करू नका, ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, आले आहेत का ते आधी बघा. त्यांच्या अळ्या काळ्या, काटेरी, भयंकर दिसतात, पण मावा खाऊन फस्त करतात. त्या नसतील तर निंबोळी अर्क: एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारायचा.

लसूण आणि कांदा शेवटी ठेवले, कारण या दोन्हींचा भोगीशी अर्धाच संबंध आहे. लसूण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागलाच पाहिजे, उशीर झाला की गड्डा बारीक. बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडायच्या, टोक वर, चार इंचांवर. डोंगराळ थंड मुलखातला टपोऱ्या पाकळ्यांचा लसूण इथे गड्डा धरत नाही, त्याला मोठा दिवस लागतो. म्हणून बी इथल्याच गावठी लसणाचं. भोगीला त्याची हिरवी पात ठेच्यात घालायला मिळते, गड्डा मात्र होळीनंतर. कांद्याचंही तसंच. छोटे कांदे अख्खे लावले तर पन्नास-साठ दिवसांत पात येते, चंपाषष्ठीच्या भरतात घालायची असेल तर त्या वर्षीची तिथी बघून तेवढे दिवस आधी लावायचे. साठवणीचा उन्हाळ कांदा हवा असेल तर 'एन-2-4-1' किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' यांपैकी एखाद्याचं बी नोव्हेंबरअखेर गादीवाफ्यावर टाकायचं. सहा-सात आठवड्यांचं रोप झालं की, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, गाजर-हरभऱ्याच्या रिकाम्या होत आलेल्या वाफ्यांत लावायचं. फार लवकर लावलं आणि मोठं झालेलं रोप थंडीत सापडलं तर डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात, कांदा पोसत नाही. लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं, म्हणजे लावणीनंतरचं पहिलं हलकं पाणी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून नांग्या भरायच्या, दोन खुरपण्या. एप्रिलात निम्म्या माना पडल्या की पाणी तोडायचं आणि कांदा काढून पातीसकट चार दिवस शेतातच सुकू द्यायचा, एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल असा मांडून.